एक काडी सुलटी, एक उलटी

जिपार गुल्च्याला सून म्हणून आली तेव्हा तिच्या सामानात गाद्या होत्या, रजया होत्या, आईने दिलेली बिडाची मोठी कढई होती आणि एका जुन्या शालीत गुंडाळलेला लॅपटॉप होता. गाद्या-रजया शेजारच्या बायकांनी उलगडून पाहिल्या, शिवणीवरून बोटं फिरवली, एकमेकींकडे बघितलं आणि बऱ्या आहेत म्हणाल्या. शाल कोणी उलगडली नाही. सासू उल्कान कढईकडे बघून एवढंच बोलली, "उझगनची पोर आहे. भात चांगला करील. बाकी बघू."

उझगन खाली सपाटीवर, तांदळाचा मुलूख. गुल्चा वर, अलायच्या डोंगरांच्या वाटेवर, मेंढरांचा आणि लोकरीचा. जिपारचे वडील उझगनच्या बाजारात तांदूळ विकायचे. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली नर्स नाहीतर मास्तरीण व्हायला गेल्या. ही ओशला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकली. का, ते तिलाही धड सांगता येत नसे. पण तिला पहिल्या वर्षाचा एक तास आठवे. मास्तरांनी फळ्यावर नावांची एक रांग लिहिली आणि म्हणाले, ही उलटी करायला यंत्राला शिकवा, दुसरी रांग न मांडता, जागच्या जागी. सगळे पेन चावत बसले. जिपारच्या डोळ्यांसमोर शाळेच्या पटांगणातली मुलींची ओळ आली. पहिली आणि शेवटची मुलगी जागा बदलतात, मग त्यांच्या आतल्या दोघी, मग त्यांच्याही आतल्या, असं करत करत मधोमध दोघी समोरासमोर येतात आणि काम संपतं. तिने तसं लिहिलं. पडद्यावर नावं शेवटापासून पहिल्यापर्यंत शहाण्यासारखी उभी राहिली. तिला वाटलं, आपण कुणाला तरी हलक्या आवाजात काही सांगितलं आणि त्याने ते मन लावून ऐकलं.

लग्नानंतर ओशच्या ऑफिसचं काम ती घरूनच करू लागली. नवरा मिर्लान घाटातल्या रस्त्यावर बर्फ उपसायच्या यंत्रावर होता. हिवाळाभर तो वरच्या छावणीत. घरात सासू, धाकटी नणंद बेगायिम, आणि पुढच्या वर्षी अल्लाने दिलेली तान्ही लेक. लेक झोपली की जिपार खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसे.

"रोज इतकं कुणाला लिहितेस गं?" उल्कान विचारी.

"कुणाला नाही, अपा. यंत्राला सांगते, काय करायचं ते."

"ऐकतं?"

"ऐकतं. पण जेवढं सांगू तेवढंच."

"मग बरं आहे. माझी मुलं तेवढंही ऐकत नाहीत," असं म्हणून उल्कान पुन्हा आपल्या लोकरीकडे वळे.

उल्कानच्या हातच्या ताट्या खोऱ्यात नावाजलेल्या. चिय नावाचं उंच, कडक गवत नदीच्या वरच्या अंगाला उगवतं. त्याच्या काड्या सोलून वाळवायच्या, प्रत्येक काडीला रंगीत लोकर गुंडाळायची, कुठे लाल, कुठे पांढरी, कुठे काळी, आणि मग काड्या शेजारी शेजारी लावून गुंफल्या की सगळ्या मिळून नक्षी उभी राहते. एकट्या काडीकडे बघून काही कळत नाही. दाबलेल्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूत स्वयंपाकाचा कोपरा अशा ताटीने झाकतात. तिच्याआड दूध, साय, मांस ठेवतात. पूर्वी मुलीला लग्नात आईच्या हातची ताटी मिळे. आता बाजारचा छापील पडदा देतात. उल्कानने थोरल्या दोन्ही मुलींना स्वतः करून दिली होती.

बेगायिमचं लग्न सारी-मोगोलच्या घरात ठरलं. ती माणसं अजूनही उन्हाळ्यात कळप घेऊन वर कुरणावर जातात, तंबू टाकतात. लग्न शरदात, कळप खाली आल्यावर. उल्कानने मागच्या वर्षीच लोकर मंजिष्ठात रंगवून ठेवली होती. पण हिवाळ्यात तिच्या डोळ्यांनी दगा दिला. ओशच्या डॉक्टरांनी डोळ्यांचा आतला पडदा झिजलाय म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. उरली होती ती कडेकडेची. माणूस आलं-गेलं कळे, दार कळे. लाल आणि काळी लोकर मात्र तिला सारखीच दिसू लागली.

त्यातून नक्षीसाठी ज्या जुन्या ताटीवर नव्या काड्या ठेवून खुणा करायच्या, ती ताटी माळ्यावर उंदरांनी कुरतडून टाकली. आता ती नक्षी फक्त उल्कानच्या डोक्यात होती. थोरल्या दोघींबरोबर गेली आणि धाकटीबरोबर गेली नाही, हे तिला मरेपर्यंत सलणार होतं. ती तसं बोलली नाही. नमाजनंतर हात नेहमीपेक्षा जास्त वेळ वर धरून बसायची, त्यावरून घरात सगळ्यांना कळलं.

वसंतात एका दुपारी जिपारने चहा ओतता ओतता विषय काढला. "अपा, नक्षी तुम्ही मला तोंडी सांगाल का? मी यंत्रात उतरवून घेते. कुठल्या काडीला कुठला रंग, किती बोटं, हे यंत्र प्रत्येक बाईला तिच्या फोनवर दाखवेल. बायका गुंडाळतील. तुम्हाला बघायला नको."

"तू कधी काडीला लोकर गुंडाळली आहेस?"

"नाही."

"आणि तुझं यंत्र?"

"त्याने पण नाही."

उल्कान हसली. "छान. म्हणजे एक आंधळी आणि दोन अडाणी." पियाल्यातला चहा संपवला, पियाला पुढे केला. "ओत. आणि लेकीला झोपव. मला मधे कुणी बोललेलं चालायचं नाही."

त्या दिवसापासून दुपारच्या नमाजनंतर दोघी बसू लागल्या. उल्कान डोळे मिटे आणि हवेत बोटं मोजत बोले, "लाल चार बोटं, पांढरं एक, काळं दोन, पुन्हा लाल..." एक काडी संपली की मान हलवी आणि दुसरी सुरू करी. मेंढ्याचं शिंग होतं ते, वर उघडणारं, दोन्हीकडे वळलेलं. जिपार लिहून घेई. मधेच कोणी दार वाजवलं की उल्कानचा धागा सुटे, आणि शिंगाच्या पहिल्या काडीपासून परत सुरुवात करावी लागे.

"मधूनच सांगा ना, अपा."

"मधून येत नाही. सूरा पाठ असते ना, तशीच आहे ती. सुरुवात केली तर शेवटापर्यंत जाते, मधे उडी मारली तर बुडते."

असं करत एक शिंग पुरं उतरलं. ताटीत तेच शिंग चार वेळा यायचं, शेजारी शेजारी, म्हणजे चार भाग. जिपारने प्रोग्राम लिहिला. फोनवर प्रत्येक काडीचं चित्र येई, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत रंगांचे पट्टे, शेजारी बोटांचं माप. शेजारच्या सोनून एजेला, म्हणजे सोनूनताईला, तिने पहिल्यांदा दाखवलं. सोनून एजे जिभेने तिखट, पण हात सोन्याचे. ती चित्र वरखाली सरकवत बसली.

"हे बरंय. माझा नवरा लग्न होऊन इतकी वर्षं झाली, इतकं नीट काही सांगत नाही."

"त्याला विचार तरी कधी," उल्कान आतून ओरडली.

अंगणात सतरंजी पडली, बायका जमल्या. उल्कानने बिस्मिल्ला म्हणून पहिल्या काडीला हात लावला आणि बाजूला बसली. नमुन्यादाखल थोड्या काड्या गुंडाळल्या आणि जिपारने त्या लावून पाहिल्या. शिंग उमटलं, पण ओळ सरळ राहीना. एक बाजू फुगत गेली, दुसरी आखडत गेली. रंग जागेवर, काड्या मात्र कलत्या.

"काय गं? काय झालं?" उल्कानने विचारलं. तिने काड्यांवरून हात फिरवला, टोकं चाचपली आणि एकदम मागे सरकली. "सगळ्या काड्यांचे बुडखे एकाच बाजूला? कुणी लावले?"

"मीच, अपा."

"अगं, बुडखा जाड असतो, शेंडा बारीक. सगळे बुडखे एकीकडे लावले तर ती बाजू फुगत जाईल. ताटी करायची आहे की पंखा? एक काडी सुलटी, एक उलटी. एकीचा बुडखा खाली, दुसरीचा वर. मग सरळ येते."

बायकांना ते ठाऊकच होतं. हाताच्या सवयीने त्यांनी आपापल्या काड्या जोड्यांनी उलटसुलट ठेवल्याही होत्या. जिपारने त्या नीट एका दिशेला लावून घेतल्या होत्या, पसारा समजून.

"तुम्ही सांगितलं नाहीत, अपा."

"हे काय सांगायचं असतं? चहा पिताना पियाला सरळ धर, असं सांगते का मी तुला?"

सोनून एजेला हसू आवरेना. जिपारही हसली. चूक कळली होती. लोकर बुडख्याकडूनच गुंडाळायला सुरू करतात. मग जी काडी उलटी लागणार, तिचे रंगही उलट्या क्रमाने सांगायला हवेत. शेवटचा आधी, पहिला शेवटी. म्हणजे प्रत्येक दुसऱ्या काडीची रांग उलटायची. यात काय कठीण, तिला वाटलं. रांग उलटायला ती पहिल्या वर्षापासून शिकली होती.

तरी पहिल्या झटक्यात नाही जमलं. तिने रंग आणि बोटं एकाच ओळीत लिहिली होती, लाल चार पांढरा एक, अशी. ती ओळ उलटली तर एक पांढरा चार लाल असं झालं, आणि यंत्राने एक हाच रंग समजून कोरा पट्टा काढला. मग तिने प्रत्येक रंग आणि त्याचं माप यांची गाठ मारली, म्हणजे उलटताना जोडी फुटू नये. नंतर जोड्यांची रांग जागच्या जागी उलटली, मुलींच्या ओळीसारखी. पट्टे बरोबर आले. पहिला भाग बायकांनी तिथेच अंगणात बसून गुंडाळला. काड्या एक सुलटी, एक उलटी लागल्या आणि शिंग सरळ उमटलं. बेगायिमने आईचा हात धरून नक्षीच्या कडेवरून फिरवला. उल्कानने कणकेचे बोरसोक तळायला सांगितले आणि पहिला घास जिपारच्या हातावर ठेवला.

पुढे बटाटे काढायचे दिवस आले. कोणाला अंगणात यायला सवड होईना. दुसऱ्या भागाच्या काड्या बायकांनी आपापल्या घरी नेल्या, फोनवर बघून चुलीपाशी बसून गुंडाळल्या. शुक्रवारी सगळ्या गठ्ठे घेऊन आल्या. जिपार एकेक काडी लावू लागली. पहिली बसली. दुसरी चुकली. तिसरी बसली. चौथी चुकली.

चुलीवर चहाच्या भांड्याचं झाकण वाजत होतं.

"एजे, तुम्ही फोन उलटा तर नव्हता ना धरला?" बेगायिमने भीत भीत विचारलं.

"मी फोन उलटा धरीन, मग बाकीच्या सगळ्यांनीही उलटाच धरला?" सोनून एजे कडाडली. "जे दिसलं ते गुंडाळलं. लाल म्हणालं, लाल गुंडाळलं. हिच्या यंत्रालाच झोपेत कूस बदलायची सवय आहे."

जिपारने लेकीला बेगायिमकडे दिलं आणि खिडकीपाशी जाऊन बसली. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. सगळं बरोबर दिसत होतं. मग तिने दुसऱ्या भागाच्या आधी यंत्राकडे काय आहे, ते काढून बघितलं, आणि तिचे कान तापले. मूळ नक्षी एकच होती, उल्कानने सांगितलेली. चारही भागांना यंत्र तीच वापरत होतं. पहिल्या भागाच्या वेळी दुसरी काडी उलटायची म्हणून त्याने ती मूळ रांगच उलटली, जागच्या जागी, आणि ती तशीच उलटी पडून राहिली. दुसऱ्या भागाला त्याने तीच पुन्हा उलटली, म्हणजे सुलटी केली. यंत्राने काही चूक केली नव्हती. तिनेच सांगितलं होतं, उलट म्हणून. मुळाला हात न लावता त्याची नक्कल काढून ती उलट, हे सांगायचं राहून गेलं होतं. शिंपी कापडाऐवजी बेताचा कागदच कापून बसावा, तसं झालं.

ती बाहेर आली. "चूक माझी आहे. तुमच्यापैकी कुणाची नाही," असं म्हणून तिने जमेल तसं समजावलं. बायकांनी ऐकून घेतलं.

"चूक कोणाची ते राहू दे," सोनून एजे म्हणाली, आता जरा नरमाईने. "काड्या सोडून परत गुंडाळू या."

"सुटलेली लोकर परत लागते का?" उल्कानने विचारलं.

लागत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पिंजलेली लोकर ओली करून काडीवर बसवलेली असते. सोडली की तिचे तुकडे होतात. आणि टोपलीत उरलेला लाल तिसऱ्या-चौथ्या भागापुरताच होता. बाजारच्या लाल रंगाचा या लालशी मेळ बसला नसता, आणि मंजिष्ठाचा तोच रंग दुसऱ्यांदा येत नाही.

"राहू दे, अपा," बेगायिम म्हणाली. "मी पडदा लावीन. आजकाल सगळ्या लावतात."

उल्कानने तिच्या आवाजाकडे मान वळवली. "पडदा सोनूनसुद्धा देऊ शकते. आई कशाला हवी त्याला?" मग भिंतीला धरून उठली, हातपाय धुतले आणि नमाजला आत गेली.

बायका जेवायच्या होत्या. जिपार चुलीपाशी पुलावाची गाजरं सोलायला बसली. डोळे भरून येत होते. कांदाही चिरून ठेवलेला होता, तेवढी सोय. पिवळी गाजरं ती सोलून पाटावर शेजारी शेजारी ठेवत होती, देठाकडची बाजू आपल्याकडे. ओळ लांबली तशी पाटावरून वाकडी होऊन कडेला निघाली. पंखा. तिने त्याकडे बघितलं. मग पुढची गाजरं उलटी ठेवायला लागली, सगळ्यांची शेपटं आपल्याकडे. ओळ दुसऱ्या अंगाला वळली, आणि शेवटचं गाजर पहिल्या गाजराशी समांतर येऊन पडलं, सरळ.

ती गाजरांचा पाट तसाच उचलून बाहेर घेऊन आली.

"अपा, नमाज झाली का?"

"झाली. काय जळलं?"

"काही नाही. हात द्या इकडे." तिने सासूची बोटं पाटावर ठेवली. "दुसऱ्या भागाच्या चुकलेल्या काड्या सोडायच्या नाहीत. त्या फिरवायच्या. फिरवल्या की रंग जागेवर येतात. फक्त सगळे बुडखे खाली येतात."

"म्हणजे पंखा."

"हो, पंखा. पण तिसरा भाग अजून कोरा आहे. त्याच्या सगळ्याच काड्यांचे रंग मी उलटवते, एकाआड एक नाही, सगळ्या. मग त्याचे सगळे बुडखे वर येतील. तो दुसऱ्या बाजूला पंखा होईल. चौथा नेहमीसारखा, एक सुलटी, एक उलटी. बघा, हात पुढे न्या."

उल्कानची बोटं गाजरावरून गाजरावर गेली. वळणावर थांबली, परत आली, पुन्हा गेली. सोनून एजे वाकून बघत होती.

"हे काय, आता गाजराची ताटी देणार का पोरीला?" ती म्हणाली, पण तिचंही लक्ष पाटाकडेच होतं.

"मधे वळण येईल," उल्कान म्हणाली.

"येईल, अपा. लपणार नाही."

"माझ्या आईने बघितलं असतं तर गुंफायच्या आधी पाण्यात फेकून दिलं असतं."

जिपारने पाट तसाच धरून ठेवला.

"आणि टोकं?"

"टोकं सरळ येतील, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणतेस म्हणजे तुला पण खात्री नाही."

"गाजरांची आहे. काड्यांची लावल्यावर कळेल."

उल्कानने वळणावर पुन्हा एकदा बोट ठेवलं. मग म्हणाली, "तंबूत ताटी सरळ कधी उभी राहते? गोलाला धरूनच उभी राहते. गाजरं घेऊन जा, तांदूळ फुगून बसलेत. जेवून मग तिसरा काढ."

जेवणं झाली. दस्तरखान उचलण्याआधी उल्कानने हात वर करून दुआ मागितली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. जिपारने प्रोग्राममध्ये आधी मूळ नक्षी कुलपात टाकल्यासारखी बाजूला ठेवली. यंत्राने काय करायचं ते नक्कल काढूनच करायचं. मग तोच भाग पुन्हा पुन्हा काढून पाहिला. दर वेळी तसाच आला. तरी तिने बायकांना गठ्ठे नेऊ दिले नाहीत.

"यावेळी इथेच गुंडाळू या. प्रत्येक काडी झाली की लगेच लावायची."

"आमच्यावर भरवसा नाही का?" सोनून एजेने डोळे वटारले.

"माझ्यावर नाही, एजे."

"हं. ते बोललीस ते ठीक."

पहिली काडी सोनून एजेनेच गुंडाळली आणि उल्कानच्या हातात दिली. उल्कानने बुडखा अंगठ्याने चाचपला. "इथे काय रंग आहे?"

"काळा," सोनून एजे म्हणाली.

"किती?"

"दोन बोटं."

"मग पांढरं एक, मग लाल." उल्कान काडीवरून शेंड्याकडे हात नेत म्हणत गेली, सावकाश, अडखळत. तिला ती नक्षी या दिशेने कधी म्हणावी लागली नव्हती. मधे एकदा चुकली, मागे आली, पुन्हा म्हणाली. शेवटचा रंग म्हणून झाला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "बरोबर आहे," ती म्हणाली. "लाव, बुडखा वर."

बटाट्यांची गडबड होतीच, पण बायका जमेल तशा येत राहिल्या. कोणी तासभर बसे, कोणी पोराला पाजता पाजता एखादी काडी करी. बेगायिम दिवसभर आईशेजारी बसून लोकर ओली करून देई. तिसरं शिंग उभं राहिलं, मग चौथं. लाल लोकर अगदी तळाला गेली, पण पुरली. मग मिर्लान घाटातल्या कामावरून चार दिवसांच्या सुटीवर आला, त्याने अंगणात दोन फाट्यांवर आडवी दांडी बांधली, दोऱ्यांना दगड लटकवले, आणि बायकांनी दगड पुढे-मागे टाकत काड्या गुंफायला घेतल्या. दुसऱ्या भागाशी आल्यावर ताटी खालच्या बाजूला सरकू लागली. मिर्लानने डोकं खाजवलं.

"हे तिरकं जातंय."

"जाऊ दे," उल्कान म्हणाली. "तू दगड नीट टाक."

तिसऱ्या भागात ताटी हळूहळू परतली.

ताटी गेली त्या दिवशी सारी-मोगोलहून वराकडच्या बायका आल्या होत्या. मुलीसोबत जायचं सामान अंगणात मांडलेलं होतं. त्यांच्यातली एक वयस्कर बाई, वराची आजी असावी, ताटीपाशी वाकली. शिंगांवरून हात फिरवत मधल्या वळणापाशी थांबली.

"इथे हात का वळला?" तिने विचारलं.

जिपारने तोंड उघडलं, पण उल्कान आधी बोलली. "इथे माझी सून शिकत होती."

आजीने जिपारकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग लालकडे. "रंग घरचा आहे," ती म्हणाली आणि बाकीच्यांना खुणावलं. "गुंडाळा."

दोन्हीकडून दोघी दोघी बसल्या आणि ताटीची गुंडाळी करू लागल्या. पहिला भाग सरळ गुंडाळला गेला. दुसऱ्या भागाला गुंडाळीचं एक तोंड जाड होत गेलं, दुसरं बारीक राहिलं. सोनून एजेने जिपारचा दंड धरला. बायका न थांबता पुढे गुंडाळत गेल्या. तिसऱ्या भागाला बारीक तोंड भरत आलं. चौथा फिरला आणि गुंडाळी जमिनीवर पडून राहिली, दोन्ही तोंडं सारखी.

उल्कान भिंतीला धरून पुढे आली. तिला ती फक्त अंगणातल्या एका काळसर आकारासारखी दिसत असणार. खाली बसली, एका तोंडावर एक तळवा ठेवला, दुसऱ्या तोंडापर्यंत हात पोचेना, म्हणून बेगायिमला म्हणाली, "तिकडे तू ठेव."

बेगायिमने ठेवला.

"सारखं आहे?"

"सारखं आहे, अपा."

"मग बांध," उल्कान म्हणाली, आणि लोकरीची वेणी घातलेली दोरी तिने स्वतःच्या हाताने तिला दिली.